नदीकाठी दोन रात्री – आणि चूल घरीच!

सुट्टी जवळ आली की प्रत्येक घरात एक प्रश्न निघतो, “यंदा कुठं जायचं?” पण तिथं गेल्यावर स्वयंपाक कोण करणार, हे मात्र कुणी विचारत नाही. कारण त्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊकच असतं! मुलं पाण्यात खेळतात, यजमान झाडाखाली आडवे होतात आणि आपण नव्या जागी, नव्या डब्यांत मीठ शोधत बसतो.

परदेशात लहान गावांच्या नदीकाठी मुक्कामाची मैदानं असतात. ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या काठी अशी पुष्कळ आहेत. कुटुंबं आपली घरगाडी नाहीतर तंबू घेऊन येतात आणि चार दिवस राहून जातात. आपल्याकडेही महाराष्ट्र शासनानं २०२० साली कृषी पर्यटनाचं आणि २०२१ साली अशा घरगाड्यांच्या, म्हणजे कॅराव्हॅनच्या पर्यटनाचं धोरण आणलं. पण खरं सांगू का मैत्रिणींनो, नदीकाठी मुक्काम ही गोष्ट आपल्याला मुळीच नवी नाही. नरसोबाची वाडी म्हणा, वाई म्हणा, गंगाखेड म्हणा. घाट, देऊळ आणि जवळच उतरायची जागा, ही आपली जुनीच पद्धत आहे.

आमचं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं. (सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं पुसेगाव ते साताऱ्याकडचं, नाव सांगितलं की लोक हमखास घोटाळा करतात.) आमच्या जिल्ह्याची नदी कयाधू. भक्त प्रल्हादाच्या आईचं हे नाव! वाशीम जिल्ह्यात रिसोडकडे ती उगम पावते आणि पुढं पैनगंगेला मिळते. तिच्याच काठी नर्सी, संत नामदेवांचं जन्मगाव. नामदेवांचा काळ १२७० ते १३५०. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, म्हणून पंजाबातले भाविकही इथं येतात. पंजाबातल्या घुमान या त्यांच्या कर्मभूमीत २०१५ साली मराठी साहित्य संमेलनही भरलं होतं.

नामदेवांचं नाव घेतलं की मला मात्र त्यांच्या घरातल्या बायका आठवतात. आई गोणाई, पत्नी राजाई, आणि गंगाखेडहून लहानपणी त्यांच्या घरी आलेली जनाबाई. राजाईच्या नावावरच्या अभंगांत तिनं विठ्ठलाकडे आणि रुक्मिणीकडे सरळ तक्रार मांडली आहे, की नवरा देवाच्या नादी लागला, घरात खायला नाही, संसार मी कसा चालवू? जनाबाईला तर दळण-कांडणात मदत करायला साक्षात देव आला, असं तिचे अभंग सांगतात. देवानं जातं ओढलं, तर आपल्या यजमानांनी सुट्टीत दोन कांदे चिरायला काय हरकत आहे?

हा नुसता थट्टेचा विषय नाही, बरं का. बाईच्या विसाव्याची आपल्याकडे एकच जागा होती, ती म्हणजे माहेर. म्हणून तर वारकरी पंढरीला माहेर म्हणतात. पण आई गेली, भावजयीला तिचा संसार आला, की ती जागा हळूहळू बंद होते. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका नदीकाठच्या गावी उतरलो होतो. “स्वयंपाकाची सोय आहे” असं ऐकून यजमानांनी हौसेनं स्टोव्ह आणि शिधा बरोबर घेतला. मोरी लांब, संडासाच्या वाटेवर दिवा नाही. दोन दिवस मी आणि सासूबाई धुरात. निघताना सासूबाई हळूच म्हणाल्या, “अगं, आई गेली त्याला तीस वर्षं झाली. तेव्हापासून मला कुणी बसल्या जागी ताट दिलं नाही बघ.”

ते वाक्य मनात घर करून बसलं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नदीवर जायचं ठरलं, तेव्हा मी एकच अट घातली, स्टोव्ह घरी राहील. आधी सासूबाईच कुरकुरल्या, “बाहेरचं खायचं म्हणजे काय गं!” पण पहिल्या दिवशी पाटाच्या कडेला मुलानं त्यांच्या हातात दशमी-चटणीचं पान दिलं, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या पाण्यात पाय सोडून कितीतरी वेळ बसून राहिल्या.

तुम्हीही असा बेत करणार असाल, तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते.

वेळ: कयाधूसारख्या नद्या उन्हाळ्यात आटतात आणि पावसाळ्यात पुरानं दुथडी भरतात. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. नर्सीला आषाढ वद्य एकादशीला परतवारीची मोठी गर्दी असते. निवांतपणा हवा असेल तर ते दिवस टाळावेत.

जागा: भाडं विचारण्याआधी पाणी, संडास, दिवा आणि दाराची कडी विचारावी. आपलं कुलूप, टॉर्च, कपडे वाळवायची दोरी आणि दोन जास्तीच्या चादरी न्याव्यात.

खाणं: पहिल्या दिवसाला दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. मधल्या वेळेला भाजके पोहे, लाडू. दुसऱ्या दिवशी सरळ खानावळ गाठावी. पिण्याचं पाणी उकळलेलं किंवा बाटलीबंदच घ्यावं.

मुलं: वाळू उपसलेल्या पात्रात वरून दिसत नाहीत असे खोल खड्डे असतात. घोट्याएवढ्या पाण्यातसुद्धा एक मोठं माणूस जवळ हवंच, आणि ती पाळी आधी ठरवून वाटून घ्यावी. नाहीतर तीही आपल्याच गळ्यात पडते!

जोडून औंढ्याच्या नागनाथाचं दर्शन होतं. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरलं, अशी त्याची कथा. या देवळाच्या दुरुस्तीशी अहिल्याबाई होळकरांचं नाव जोडलेलं आहे. मात्र पिंड खाली, तळघरासारख्या गाभाऱ्यात आहे आणि अरुंद वाटेनं वाकून उतरावं लागतं. गुडघेदुखी असणाऱ्यांनी घाई करू नये.

आणि खर्च? १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं आहे. ते वाचलेले पैसे मी वेगळे ठेवते आणि खानावळीला देते. घरखर्चाला हात लागत नाही, म्हणून कुणाला बोलायलाही जागा राहत नाही.

नदी आपल्याकडे काही मागत नाही. घरच्यांनीही दोन दिवस काही मागू नये, एवढं मात्र निघण्याआधीच ठरवून घ्या. एकदा एस.टी.त बसल्यावर ते ठरत नाही!