तेलाची पिशवी आणि सोयाबीनचे पोते

दिवाळीच्या आसपास खामगाव, मेहकर, चिखलीच्या बाजार समित्यांत सोयाबीनची पोती उतरतात. त्याच दिवसांत आम्ही किराणा दुकानातून तेलाची पिशवी आणतो. दोन्हींच्या भावाचे धागे दिल्लीत जुळतात.

आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियाचे, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलचे. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्राने कच्च्या पाम, सोया व सूर्यफूल तेलावरचे एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेले. स्वयंपाकघरात तेल लगेच महागले. सोयाबीन मात्र ४,८९२ रुपये हमीभाव असूनही बाजारात त्याहून खालीच विकले गेले. कारण दाण्यात तेल जेमतेम पाचवा हिस्सा, बाकी बहुतेक पेंड. आणि पेंडीचा भाव पडलेला. मे २०२५ अखेर शुल्क पुन्हा १६.५ टक्क्यांवर आले.

हमीभावाने खरेदीला ओलाव्याची अट १२ टक्क्यांची. नोव्हेंबरात ती १५ झाली, पण तोवर गरजवंतांनी व्यापाऱ्याच्या काट्यावर माल घातला होता. उधारी थोडीच थांबते!

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. हा प्रसंग आम्ही वर्गात सांगतो. यंदा एका मुलाने विचारले, “सर, आमच्या अब्बांनी ओला माल वरच ठेवला होता. तो परत पाठवला. मग?”

आम्हाला उत्तर सुचले नाही.