बोन्सायमधील मृतकाष्ठाचे जतन

बोन्सायमधील मृतकाष्ठाचे जतन म्हणजे कुंडीतील खुज्या वृक्षावर शोभेसाठी मुद्दाम राखलेला, साल नसलेला वाळका लाकडाचा भाग कुजू नये म्हणून केली जाणारी प्रक्रिया होय. फांदीच्या किंवा शेंड्याच्या सोललेल्या टोकास 'जिन', खोडावरील सोललेल्या पट्ट्यास 'शारी' आणि खोडातील पोकळीस 'उरो' अशा जपानी संज्ञा आहेत. वारा, वीज व हिम यांनी झोडपलेल्या जुन्या वृक्षाचा भास त्यांतून साधला जातो.

या कामाचे पारंपरिक द्रव्य म्हणजे चुना, गंधक व पाणी एकत्र उकळून केलेले लाइम सल्फर. फळबागांत ते बुरशीनाशक म्हणून वापरले जाते. किंचित ओलसर लाकडावर ब्रशने लावल्यास ते आत मुरते. लावताना पिवळे दिसते व उन्हात पांढरे पडते. पांढरेपणा फार भडक वाटल्यास द्रावणात थोडी काळी शाई मिसळतात. मातीवर आणि मुळांवर ते सांडू नये म्हणून कुंडी झाकून घेतात. आम्लाशी संयोग झाल्यास त्यातून विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, म्हणून ते उघड्या जागीच वापरावे.

ही पद्धत मुख्यतः जुनिपरसारख्या, मुळातच टिकाऊ लाकडाच्या वृक्षांवर रुळली. महाराष्ट्रात बोन्सायसाठी वड, पिंपळ, उंबर व बोगनवेल सर्रास वापरतात. त्यांचे लाकूड मऊ असते आणि मेल्यावर लवकर कुजते. त्यात मुळशी धरण परिसरातील माले गावासारख्या सह्याद्रीलगतच्या भागात जून ते सप्टेंबर लाकूड सुकण्यास फारसा अवसरच मिळत नाही. कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा लागतो. लाकडातील पाण्याचे प्रमाण साधारण २० टक्क्यांखाली राहिल्यास ती वाढत नाही. त्यामुळे येथे बुरशीनाशकाइतकेच महत्त्व लाकूड कोरडे ठेवण्याला आहे.

पाणी बाहेर ठेवण्यासाठी संपूर्ण भागावर रंग वा व्हार्निशचा जाड थर देणे हा उपाय सरळ वाटतो, पण तो बहुधा उलटतो. मातीतून व शेजारच्या जिवंत खोडातून ओल आत येतच राहते आणि थरामुळे तिला बाहेर पडता येत नाही. वरून लाकूड सुबक दिसते, आतून त्याचा भुसा होतो. पोकळीत सिमेंट भरण्याचेही तसेच: लाकूड आकुंचन-प्रसरण पावते, सिमेंट तसे करत नाही, आणि मधल्या फटीत पाणी साचते. त्यापेक्षा पोकळीच्या तळाशी निचऱ्याचे छिद्र पाडणे श्रेयस्कर.

मऊ लाकडाला आत मुरणारे पातळ राळयुक्त द्रावण देतात. ते एप्रिल-मेच्या उन्हात पूर्ण वाळलेल्या लाकडावरच मुरते. लाइम सल्फर त्याआधी द्यावे लागते, कारण राळ भरलेल्या लाकडात ते नंतर शिरत नाही. मातीलगतचा भाग सर्वांत आधी कुजतो व तेथेच वाळवी लागते. तेथील शेवाळ व माती बाजूला सारून तो मोकळा ठेवतात. जिवंत सालीच्या कडेवर यांपैकी काहीही लावत नाहीत.

बोगनवेलीचे मृतकाष्ठ एवढे करूनही अनेकदा टिकत नाही. अशा वेळी कुजका भाग टणक लाकूड लागेपर्यंत कोरून काढतात आणि उरलेली पोकळी रचनेचाच भाग म्हणून ठेवतात.