मोबाईलवरचं कॉलेज संपलं, दुखणी अजून अंगात आहेत

“पोरगं दिवसभर मोबाईलमध्ये असतं, म्हणून डोळे गेले,” असं आपल्या घरात सहज म्हटलं जातं. पण मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे कॉलेजं बंद झाली, तेव्हा मोबाईल हेच कॉलेज होतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी ऑक्टोबर २०२० ची परीक्षाही बहुतेक मोबाईलवरच दिली. मधले थोडे दिवस सोडले, तर कॉलेजं ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा उघडू लागली. ती मुलं आता भरतीची, स्पर्धा परीक्षेची तयारी करतात, तीही मोबाईलवरच. म्हणून ही दुखणी समजून घेऊ.

कोथरूडच्या सोसायटीतल्या मुलाला टेबल, लॅपटॉप, वायफाय मिळालं. केळेवाडी, सुतारदरा, किष्किंधानगरच्या एका खोलीत पाच माणसं, एक मोबाईल आणि मोजका डेटा. टाळेबंदीत धुण्याभांड्याची कामं थांबली, तसा रिचार्जचा पैसाही थांबला. २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत देशातल्या १०० घरांपैकी जेमतेम ११ घरांत कॉम्प्युटर होता. मुलांची दुखणी आळसातून आलेली नाहीत, या अडचणीतून आलेली आहेत.

डोळे : एरवी आपली पापणी मिनिटाला साधारण पंधरा वेळा मिटते. पडद्याकडे एकटक बघताना ती निम्म्याहून कमी वेळा मिटते. डोळ्यातली ओल सुकते, मग जळजळ, खुपणं, डोकेदुखी सुरू होते. दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फूट लांब बघावं. खोलीत वीस फूट नसतात, तर दारात उभं राहून गल्लीच्या टोकाकडे बघा. लांबचं धूसर दिसत असेल तर डोळे तपासून घ्या. मेडिकलमधून मनानेच थेंब आणू नका, काही थेंबांत स्टेरॉइड असतं आणि त्याने काचबिंदू होऊ शकतो.

मान : डोक्याचं वजन चार-पाच किलो. मान पूर्ण खाली घातली की मानेवरचा भार कित्येक पट वाढतो. मोबाईल मांडीवर ठेवू नका. डाळ-तांदळाचे डबे एकावर एक ठेवून मोबाईल डोळ्यांसमोर आणा, पाठ भिंतीला टेकवा. हाताला मुंग्या येत असतील तर दवाखान्यात दाखवा.

कान : बाजूला टीव्ही, कुकर, भांडण. म्हणून इअरफोनचा आवाज वाढवला जातो. कानात शिट्टीसारखा आवाज येणं ही धोक्याची खूण आहे. आवाज अर्ध्याच्या थोडा वर, त्याहून जास्त नको, आणि तासाभराने कानाला विश्रांती द्या.

झोप : घर निजल्यावरच शांतता मिळते, म्हणून मुलं रात्री दोनपर्यंत जागतात आणि पहाटे पाण्यासाठी उठतात. तरुण शरीराला सात ते नऊ तास झोप लागते. ती नसेल तर वाचलेलं लक्षात राहत नाही. परळच्या चाळीत बाबासाहेबांच्या घरीही एकच खोली होती. रामजीबाबा त्यांना लवकर झोपवत, स्वतः जागत, रात्री दोनला त्यांना अभ्यासाला उठवत आणि मग स्वतः आडवे होत. मुलाची झोप आधी झाली, मग अभ्यास. त्यासाठी बापाने आपली वेळ बदलली. आपणही रात्री नऊला टीव्ही बंद करू शकतो.

मन : मागचं घर दिसू नये म्हणून कित्येकांनी कॅमेरा बंद ठेवला. घरातला आवाज जाऊ नये म्हणून माइक बंद ठेवला. मुली तर चुलीपाशी उभ्या राहून तास ऐकत होत्या. शंका विचारायची राहिली, विषय राहिले, काहींनी कॉलेज सोडलं. “आपणच कमी पडलो” हा सल आजही बोलला जात नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली असेल, चिडचिड, रडू येणं, कोणात न मिसळणं असेल, तर तो आजार समजून उपचार घ्या. ‘टेली मानस’ची १४४१६ ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र सुरू असते, मराठीत बोलता येतं. कोणी मरणाची भाषा केली तर त्याला एकटं सोडू नका, लगेच ससूनला न्या.

घराने एवढं केलं तरी जागा वाढत नाही. ती आपल्या विहारात आहे. वंदना झाल्यावर विहाराला कुलूप लावू नका. चार टेबलं, चांगला उजेड आणि वर्गणीतून वायफाय, एवढ्यात अभ्यासिका होते. येत्या रविवारी वंदनेनंतर एक यादी करा : २०२०-२१ मध्ये कोणाचं शिक्षण सुटलं? त्यांच्या घरी जा. कॉलेजात राहिलेले विषय देता येतात का ते विचारा, नाहीतर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची वाट आहे. सोबत कोणीतरी गेलं तर मुलं परत शिकतात.

जयभीम.