यंत्र चालवतं, म्हणून माणूस चालू लागतो?

घरात कुणाला पक्षाघात झाला की भेटायला येणाऱ्यांपैकी एक तरी जण सांगतो, "आता रोबोट आलाय म्हणे. त्याच्यावर उभं केलं की महिन्यात माणूस चालायला लागतो." सोबत मोबाइलवर व्हिडिओ असतोच. आधी काका खुर्चीत, मग काका चालताना, मागे सनई.

हा पुरावा नव्हे. कितीदा सांगायचं? पक्षाघातानंतर पहिल्या तीन महिन्यांत मेंदू आपणहूनही बराच सावरतो. रोबोट नसता तर काका कुठवर आले असते, हे कळायला तुलनेचा दुसरा गट लागतो. कुणाला कोणता उपचार, हेही चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवावं लागतं.

अमेरिकेतल्या 'लीप्स' चाचणीत 408 रुग्णांवर हे केलं गेलं. काहींना पट्ट्यांनी वजन तोलून धरत ट्रेडमिलवर चालवलं, काहींना फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम दिले. निकाल 2011 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने छापला. वर्षअखेर एकूण 52 टक्के लोकांचं चालणं सुधारलं होतं आणि गटागटांत फरक नव्हता.

ट्रेडमिलचा हा निकाल पाहून रोबोटही भंगारात काढायचा का? नाही. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात अशा यंत्रांच्या 62 चाचण्या आहेत. फिजिओथेरपीच्या जोडीला यंत्र दिलं तर स्वतंत्रपणे चालू लागण्याची शक्यता वाढते. हा फायदा मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत आणि मुळीच चालता न येणाऱ्यांना होतो. सहा महिने उलटलेल्या, चालू शकणाऱ्या रुग्णांचा वेग वाढवायला मात्र रोबोट वापरू नये, असं अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. अशा रुग्णांना हवं नाडी वाढेल असं, दमवणारं चालणं. यंत्र पाय उचलून देत असेल, तर माणूस कशाला कष्ट घेईल?

प्रगती मोजायला लाखाचं यंत्र लागत नाही. व्हरांड्यात चिकटपट्टीने दहा मीटरच्या खुणा करा. वेग घ्यायला आणि थांबायला दोन्हीकडे जागा सोडा. नेहमीची चप्पल, नेहमीची काठी, हातात स्टॉपवॉच. 25 सेकंदांहून जास्त लागले तर चालणं साधारण घरापुरतं. साडेबारा सेकंदांच्या आत आलं तर बाजारहाट जमू शकतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. सहा महिन्यांनंतर सुधारणा थांबते : लीप्समध्ये ट्रेडमिल सहा महिन्यांनी सुरू केलेलेही सुधारले. लवकर उठवलं तितकं बरं : 2015 च्या 'अव्हर्ट' चाचणीत पहिल्या 24 तासांतच वारंवार उठवलेल्यांची स्थिती तीन महिन्यांनी उलट वाईट दिसली. मालिशने पाय सुटतो : बरं वाटतं, चालणं शिकवलं जात नाही. काठीने पाय आळशी होतो : पडून खुबा मोडला, तर खरा आळस तिथे सुरू होतो.

रोबोटवर उपचार देणाऱ्या केंद्रात पॅकेजचे पैसे भरण्याआधी रुग्णाचा आजचा दहा मीटरचा वेळ लिहून मागा आणि महिन्याने पुन्हा मोजायला सांगा. केंद्र मोजायला तयार नसेल, तर पैसे भरू नका.