डोंगराला मालक असतो

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या कादंबरीमालेतला ग्रेगर क्लेगेन जवळजवळ आठ फूट उंच. लोक त्याला 'माउंटन', म्हणजे डोंगर म्हणतात. राक्षसी देहाचा योद्धा आपल्याला नवा नाही, बकासुर आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण बकासुर स्वतःच्या पोटासाठी माणसे खायचा. ग्रेगर टायविन लॅनिस्टर या थंड डोक्याच्या उमरावाच्या पदरी आहे, आणि मार्टिन यांची खरी करामत इथेच आहे.

ग्रेगरच्या नजरेतून लिहिलेले एकही प्रकरण नाही. तो कळतो तो दुसऱ्यांच्या तोंडून. १९९६ च्या पहिल्या पुस्तकात धाकटा भाऊ सँडोर सांगतो, की एका खेळण्यासाठी ग्रेगरने त्याचे तोंड निखाऱ्यांत दाबून धरले. बापाने काय केले? अंथरुणाला आग लागली म्हणून गावभर सांगितले! पुढे याच ग्रेगरला युवराज रेगारने 'नाइट' हा किताब दिला. बंडात राजधानी पडली तेव्हा त्याच रेगारचे तान्हे मूल आणि पत्नी एलिया ग्रेगरच्या हातून मेली. रेगारच्या वारसांची हत्या टायविनला सोयीची होती. एलियाबद्दल तो नंतर आपल्या मुलाला एवढेच सांगतो, की तिचा विषय आपण ग्रेगरकडे काढलाच नसावा. ग्रेगरच्या तलवारीपेक्षा मला हे वाक्य जास्त भयंकर वाटते.

या सगळ्याचा हिशेब २००० सालच्या 'अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स' या तिसऱ्या पुस्तकात होतो. द्वंद्वात एलियाचा भाऊ ओबेरिन लांब भाला घेऊन ग्रेगरभोवती फिरतो आणि प्रत्येक वाराबरोबर तोच आरोप पुन्हा पुन्हा करतो. ग्रेगर आडवा होतो. भाला अंगातून आरपार जातो. चपळ माणसाने धिप्पाडाला लोळवले, गोष्ट संपली असे वाटते. पण ओबेरिनला नुसता मृत्यू नको, कबुली हवी. म्हणून तो जवळ जातो. ग्रेगर त्याला पकडतो, गुन्हा कबूल करतो आणि कबूल करता करताच त्याची कवटी फोडतो. कबुली मिळते, न्याय मिळत नाही.

भाल्याला विष होते. ग्रेगर दिवसेंदिवस सडत जातो आणि क्वायबर्न या बहिष्कृत वैद्याच्या प्रयोगशाळेत पोचतो. पुढे रॉबर्ट स्ट्राँग नावाचा, कधीही न बोलणारा आठ फुटी शरीररक्षक टायविनची मुलगी राणी सर्सी हिच्या सेवेत येतो. तो कोण, हे पुस्तक उघड सांगत नाही. वाचकाला सांगावेही लागत नाही. मालकाला असा सेवक हवाच असतो.

२०११ ते २०१९ च्या दूरचित्रवाणी मालिकेत ग्रेगरची भूमिका तिघांनी केली: कॉनन स्टीव्हन्स, इयन व्हाइट आणि चौथ्या पर्वापासून आइसलँडचा हाफथोर ब्यॉर्नसन. ब्यॉर्नसनने २०१८ मध्ये 'वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन' किताब जिंकला आणि २०२० मध्ये ५०१ किलोची डेडलिफ्ट केली. अंगकाठीत कसर नव्हतीच. पण शेवटच्या पर्वात भावाभावांची मारामारी प्रेक्षकांच्या टाळ्यांसाठी रचल्यासारखी झाली. टायविन तोवर मेलेला, त्यामुळे डोंगर उरला, त्यामागचे राजकारण गेले. मालिका पाहून ग्रेगर कळला असे मानणाऱ्यांनी ते तिसरे पुस्तक मिळवून द्वंद्वाचे प्रकरण वाचावे, आणि त्याआधी टायविन ज्यांत दिसतो ती प्रकरणे चाळायला विसरू नये.