निजामाच्या दप्तरापासून तहसीलच्या खिडकीपर्यंत

2023च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मराठवाड्यातल्या सरकारी कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांची कुलुपे निघाली. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीला मराठा-कुणबी प्रश्नासाठी कुणबी नोंदी हव्या होत्या. त्या कुठे कुठे शोधायच्या याची यादी कचेऱ्यांना मिळाली, ती मुळातून वाचण्यासारखी आहे. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, 1951ची राष्ट्रीय नोंदवही हे समजू शकते. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14 आणि शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरेही ओघाने आली. पुढे भूमी अभिलेखची पक्का बुक, वसुली बाकी, उल्ला प्रतिबुक आणि क्लासर रजिस्टर येतात. मग पोलिसांचे अटक पंचनामे, तुरुंगातील कच्च्या कैद्यांचे रजिस्टर आणि शेवटी उत्पादन शुल्क खात्याची मळी नोंदवही व ताडीच्या परवान्यांची नोंदवही. शेतकऱ्याच्या पणजोबाची ओळख पटवण्यासाठी शासनाला ताडीच्या दुकानाच्या वहीपर्यंत जावे लागले.

ऑक्टोबरअखेर तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी पहिला हिशेब सांगितला. 1 कोटी 73 लाख नोंदी तपासल्या गेल्या होत्या आणि त्यांत 11,530 कुणबी नोंदी सापडल्या होत्या, म्हणजे साधारण दीड हजारांत एक. धाराशिव तालुक्यातल्या कारी गावच्या तरुणाला जिल्ह्यातले पहिले कुणबी प्रमाणपत्र मिळाले. आरक्षणाच्या वादात मला इथे शिरायचे नाही. मला या शोधाची दिशा महत्त्वाची वाटते. हे सगळे कागद सरकारचे होते, सरकारच्याच खोलीत होते आणि सरकारी नोकरांनीच लिहिलेले होते. तरी ते आणून दाखवण्याची जबाबदारी इतकी वर्षे माणसावर होती. मराठवाड्यात, त्यातही मुरूमसारख्या सीमेवरच्या गावात, ही तऱ्हा आजची नाही. राजवटी बदलल्या, लिपी बदलली, जिल्ह्याचे नाव दोनदा बदलले, पण ‘कागद आणा’ हे वाक्य तसेच राहिले.

मुरूम उमरगा तालुक्यात. एका अंगाला आळंद, दुसऱ्या अंगाला अक्कलकोट. आज आळंद कर्नाटकात आहे आणि अक्कलकोट सोलापूर जिल्ह्यात. 1948पूर्वी या टापूत तीन राज्ये एकमेकांना खेटून होती. मुरूम निजामाचे, अक्कलकोट भोसल्यांचे संस्थान आणि त्यापलीकडे सोलापूरचा इंग्रजी मुलूख. हद्द ओलांडली की नाणे बदलायचे. निजामाचा हाली सिक्का वेगळा आणि इंग्रजी रुपया वेगळा. शंभर इंग्रजी रुपयांना सुमारे 116 हाली रुपये मोजावे लागत. वाटेत करोडगिरीचा नाका, म्हणजे जकात. वर्षही वेगळे, कारण निजामाच्या कारभारात फसली सन चाले आणि त्याचे महिने आजूर, दै, बहमन असे. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन येतो. पण वर्ष ऑक्टोबरात बदलत असल्याने महिना चुकला की सनही चुकतो. जुन्या कागदावरची जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही म्हणून अर्ज अडतो, त्यामागे पुष्कळदा हे गणित असते.

लिपीचे तर थरच आहेत. गावपातळीवर कुलकर्ण्यांची मोडी. वर दरबारात फारसी, आणि 1884च्या सुमारास तिच्या जागी उर्दू. 1948नंतर मराठी आणि इंग्रजी. जिल्ह्याचे ठाणे आधी नळदुर्गला होते, मग जिल्हा उस्मानाबाद झाला आणि 2023 मध्ये धाराशिव. एकाच शेताचे कागद तीन जिल्ह्यांच्या नावाखाली असू शकतात. 1 नोव्हेंबर 1956ला हैदराबाद राज्य विसर्जित झाले, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि वरच्या दप्तराचा मोठा भाग हैदराबादेतच राहिला. आज त्यासाठी तारनाक्याच्या तेलंगणा राज्य अभिलेखागाराच्या दारात उभे राहावे लागते. त्याआधी, 1916 मध्ये, औरंगाबादच्या किल्ले अर्कातले मोगलकालीन कागदही हैदराबादला नेण्यात आले होते. मराठवाड्याचा कागद मराठवाड्याबाहेर, हा शिरस्ता एका शतकाहून जुना आहे.

आता निजामी कारभाराची मानसिकता दाखवणारा एक कागद जवळून पाहू: 1929ची गश्ती निशाण 53. गश्ती म्हणजे परिपत्रक. या परिपत्रकाने जाहीर सभेआधी सरकारची परवानगी सक्तीची केली. सभा कशाची, कुठे, बोलणार कोण, हे आधी कळवायचे आणि उत्तराची वाट पाहायची.  उत्तराला उशीर झाला की सभेला नकार द्यावाच लागत नसे, कागद टेबलावर पडून राहिला की तारीख आपोआप उलटायची. वाचनालयाचा कार्यक्रम असो की सामाजिक परिषद, सगळे या एका चाळणीतून जायचे. खासगी शाळांनाही परवानगीची अट होती. आर्य समाजाच्या लोकांची तक्रार अशी की हवनकुंड बांधायलाही परवानगी लागते, आणि 1939च्या त्यांच्या सत्याग्रहात ही तक्रार पुढे होती.

त्याच वर्षी, 1929 मध्ये, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक मुख्याध्यापक म्हणून आले. हिप्परगा आज लोहारा तालुक्यात आहे, मुरूमपासून फार लांब नाही. शाळा 1921 मध्ये निघालेली. हेच शिक्षक पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले. त्यांची राजकीय घडण या भागातल्या खेड्यांमध्ये झाली, आणि परवानगीच्या या जाळ्याशी त्यांची गाठ पडली ती इथेच. 1937 मध्ये परतूरला गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले, पुढच्या वर्षी लातूरला दुसरे. मग हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायचे ठरले.

इथे दप्तरात एक विलक्षण गोष्ट दिसते. सप्टेंबर 1938 मध्ये निजाम सरकारने स्टेट काँग्रेसवर बंदी घातली, तेव्हा संस्था रीतसर स्थापनच झाली नव्हती. स्थापनेच्या आधीच बंदीचा हुकूम निघाला. सरकारची एक हरकत नावावर होती: ‘काँग्रेस’ हा शब्द काढा, मग बघू. कार्यकर्त्यांनी नाव सोडले नाही. 24 ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला आणि तुरुंग भरले. ही बंदी 1946च्या जुलैपर्यंत टिकली, म्हणजे जवळपास आठ वर्षे. संस्थेचे पहिले उघड अधिवेशन व्हायला 1947चा जून उजाडला. जी संस्था कागदावर जन्मलीच नव्हती तिचे सदस्य असल्याबद्दल लोकांनी वर्षे तुरुंगात काढली. निजामी राजवटीच्या जुलमाची वर्णने पुष्कळ झाली आहेत. मला हा हुकूम त्या सगळ्यांहून बोलका वाटतो, कारण त्यात लाठी नाही, बंदूक नाही, फक्त शिक्का आहे.

सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली आणि निजामाचे राज्य गेले. खरा धक्का त्यानंतरच्या दप्तराने दिला. केंद्र सरकारने 15 ऑगस्ट 1972पासून स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले आणि 1980 मध्ये ती योजना अधिक व्यापक झाली. सहा महिने तुरुंगवास भोगलेला हवा. भूमिगत असाल तर सहा महिन्यांहून अधिक काळ भूमिगत राहिल्याचे, आणि तुम्हाला फरारी घोषित केल्याचे, पकडून देणाऱ्याला बक्षीस लावल्याचे किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघाल्याचे कागद हवेत. हे कागद कोणाकडे असणार? निजामाच्या पोलिसांकडे. जो माणूस नाव बदलून, मुक्काम बदलून, पोलिसांच्या वहीत आपले नाव येऊ नये म्हणून धडपडला, त्याने तीस-पस्तीस वर्षांनी त्याच वहीत आपले नाव असल्याचे सिद्ध करायचे. तो जितका यशस्वी भूमिगत, तितका त्याचा अर्ज कमकुवत.

कागद नसेल तर पळवाट होती. दीर्घ तुरुंगवास भोगलेल्या दुसऱ्या स्वातंत्र्यसैनिकाचे प्रमाणपत्र आणायचे आणि त्याला जोडून राज्य सरकारचा दाखला, की या व्यक्तीचे अभिलेख उपलब्ध नाहीत. म्हणजे कागद नसल्याचाही कागद हवा. तो मिळवायला तहसील, जिल्हाधिकारी कार्यालय, मंत्रालय आणि दिल्ली असा प्रवास. हैदराबाद मुक्तिसंग्रामात सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीत सशस्त्र तुकड्यांचे सीमाकॅम्प होते. त्यांत राहिलेले लोक तुरुंगात गेलेच नाहीत, कारण ते निजामाच्या हद्दीबाहेर राहून आत कारवाया करत. त्यांच्या कॅम्पांना मान्यता मिळायला 1985 उजाडले. तोवर अर्ज करणाऱ्यांचे वय साठीच्या पुढे गेले होते.

सर्वोच्च न्यायालयाला यात दोनदा स्पष्ट बोलावे लागले. 1993 मध्ये मुकुंदलाल भंडारी यांच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की अर्जाला उशीर झाला म्हणून निवृत्तिवेतन नाकारता येणार नाही. 2001 मध्ये गुरदयाल सिंग यांच्या खटल्यात पुराव्याची पातळी ठरवून दिली: फौजदारी खटल्यात लागतो तसा संशयातीत पुरावा इथे मागू नका, शक्यतांचा तोल पाहा. हा निकाल लागला तेव्हा पोलीस कारवाईला 53 वर्षे झाली होती. दरम्यान बीड जिल्ह्यात बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण इतके वाढले की न्यायमूर्ती पालकर यांचा आयोग नेमावा लागला. कागदाचाच आग्रह धरला की कागद तयार करणारा पुढे सरकतो आणि खरा माणूस रांगेत राहतो, हे त्या प्रकरणातून दिसते.

काही कागद मात्र सरकारनेच दडवले. पोलीस कारवाईनंतर हैदराबाद राज्यात मुसलमानांवर झालेल्या हिंसेच्या चौकशीसाठी पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. मृतांचा तिचा अंदाज 27 ते 40 हजारांचा होता, आणि सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव होते. हा अहवाल दशकानुदशके बंद राहिला आणि दिल्लीत अभ्यासकांना 2013च्या सुमारास मोकळेपणाने पाहता आला. निजामसमर्थक रझाकारांचे अत्याचार आपण सांगत आलो, सांगायलाच हवेत. पण ज्या जिल्ह्याचे नाव त्या अहवालात आहे, त्या जिल्ह्यातल्या दोन पिढ्या तो न वाचताच गेल्या, याचे मला दुःख आहे.

जमिनीच्या कागदांची गोष्ट थोडक्यात सांगतो. निजामाने दिलेली मदतमाश, खिदमतमाश अशी इनामे 1950च्या दशकात कायद्याने खालसा झाली. जमीन कसणाऱ्याकडे राहिली, पण वर्ग 2 म्हणून. पुढे खरेदी-विक्री झाली, विहिरी पडल्या, बोजे चढले, आणि अनेक वर्षांनी जुने रजिस्टर काढून सांगितले गेले की ही जमीन तुमच्या पूर्ण मालकीची नाही. धाराशिव जिल्ह्यात यावर आंदोलने झाली आणि 2024 मध्ये राज्य सरकारला जमीन पूर्ण मालकीची करून घेण्यासाठीचा नजराणा कमी करावा लागला.

जातीच्या कागदाचेही तसेच. मुरूमच्या आसपासच्या तांड्यांवरचा बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतो. सीमा ओलांडून कर्नाटकात गेला तर तिथे त्याचा समाज अनुसूचित जातीत आहे आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत. भाषा एक, देव एक, सोयरीक एक, आणि 1956पूर्वी राज्यही एकच होते. सप्टेंबर 2025 मध्ये बंजारा समाजाने निजामकालीन हैदराबाद गॅझेटियरचाच आधार घेऊन मोर्चे काढले, ते या दुखण्यातून. त्याच महिन्याच्या 2 तारखेला निघालेल्या शासन निर्णयाने त्या गॅझेटियरला मराठा-कुणबी प्रश्नात आधार मानले. गॅझेटियरमध्ये जातींचे आकडे आहेत, माणसांची नावे नाहीत. म्हणून गावपातळीवर ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची समिती नेमली गेली. ज्याच्याकडे जमिनीचा पुरावा नाही त्याने 13 ऑक्टोबर 1967पूर्वीचा रहिवास शपथपत्रावर सांगायचा. आज तीस वर्षांच्या माणसाने आपल्या जन्माच्या पावशतकाहून अधिक आधीच्या एका तारखेची शपथ घ्यायची.

याउलट जर्मनीत 1991च्या अखेरीस संसदेने कायदा करून पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचे दप्तर लोकांना उघडून दिले. श्टाझीच्या त्या फायली एकापुढे एक ठेवल्या तर शंभर किलोमीटरहून लांब भरतात. अर्ज केला की आपल्यावरची फाईल आपल्याला वाचायला मिळते, आणि शोधण्याचे काम तिथले अभिलेखागार करते. आपल्याकडे पेशवे दप्तराची दारे इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्या माणसालाही उघडली गेली नाहीत, हे विसरू नये. ते दप्तर गो. स. सरदेसायांच्या संपादनात छापून येऊ लागले ते 1930पासून.

महाराष्ट्राने 2005 मध्ये सार्वजनिक अभिलेख कायदा केला. अभिलेख गहाळ करणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद त्यात आहे. तरी ‘फाईल सापडत नाही’ हे उत्तर आजही तोंडी मिळते आणि ते लेखी मागितले की माणूस त्रासदायक ठरतो. माझे म्हणणे साधे आहे. जो कागद सरकारने लिहिला, तो सरकारने शोधावा. नागरिकाने गाव, नाव आणि अंदाजे काळ सांगावा, बाकी काम कचेरीचे. 2023 मध्ये एका आंदोलनाच्या दबावाखाली कोट्यवधी नोंदी काही आठवड्यांत तपासता आल्या, म्हणजे हे अशक्य नाही हे सरकारनेच सिद्ध केले आहे. त्यासाठी प्रत्येक तालुक्याला मोडी आणि उर्दू वाचणारा पगारी माणूस हवा. मोडीचे वर्ग पुष्कळ निघाले, शिकलेली मुले आहेत, पण त्यांना पदे नाहीत. दख्खनी वळणाची उर्दू वाचणारे वृद्ध मौलवी आणि जुने वकील झपाट्याने कमी होत आहेत. हैदराबादेतल्या मराठवाड्याच्या कागदांच्या छायाप्रती जिल्ह्याच्या ठिकाणी मिळाव्यात, आणि कोणत्या गावाचे कोणते रजिस्टर कुठे आहे याची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावी.

उमरगा, लोहारा, मुरूम परिसरातल्या वाचकांना माझी विनंती आहे. घरात कुणा आजोबाचे तुरुंगातले पत्र असेल, कॅम्पातली चिठ्ठी असेल, फसली सनाची पावती असेल, तर ती ओली होण्याआधी, वाळवी लागण्याआधी दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. मागच्या बाजूला शिक्का असतो. एक प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला द्या, आणि मूळ कागद कोणत्याही खिडकीत सोडून येऊ नका.