एकवीस मिलिग्रॅमचा हिशेब

मारुती ८०० च्या इंजिनात तीन सिलिंडर, मिळून ७९६ सीसी. पूर्ण अॅक्सिलरेटर दिला, की एक सिलिंडर एका दमात सुमारे एक तृतीयांश ग्रॅम हवा ओढतो. हवाही उरू नये आणि पेट्रोलही उरू नये, यासाठी वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल लागतं. म्हणजे साधारण २१ मिलिग्रॅम, पाण्याच्या थेंबाच्या निम्म्याहून कमी. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हे माप प्रत्येक सिलिंडरसाठी सेकंदाला २५ वेळा घ्यावं लागतं.

कार्बोरेटर हे माप हवेच्या ओढीवर सोडायचा. अरुंद घशातून हवा वेगाने गेली की तिचा दाब उतरतो आणि जेटमधून पेट्रोल खेचलं जातं. युक्ती सुंदर, पण थंडीत तिला चोक लागे, आणि घाट चढून महाबळेश्वरच्या विरळ हवेत गेलं की पेट्रोल जास्त पडे.

दुसरी वाट इंजेक्शनची, म्हणजे पेट्रोल दाबाने मोजून फवारण्याची. विमानं आणि शर्यतींच्या गाड्यांमध्ये यांत्रिक इंजेक्शन आलं ते ताकदीसाठी. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन रुजलं ते मात्र धुरामुळे, हे विसरलं जातं. अमेरिकेत बेंडिक्सने १९५७ साली ते आणून पाहिलं, पण त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक्सला ते झेपलं नाही. पुढे बेंडिक्सच्या पेटंटच्या आधारे बॉशने १९६७ मध्ये अमेरिकेत जाणाऱ्या फोक्सवॅगन १६०० वर डी-जेट्रॉनिक बसवलं, कारण तिथले धुराचे नियम कडक होत होते.

खरी किमया १९७६ ची. व्होल्वोच्या गाड्यांवर लॅम्डा सेन्सर आला. सायलेन्सरच्या वाटेवर बसून तो जळून गेलेल्या वायूत ऑक्सिजन उरलाय का ते पाहतो. उरला असेल तर ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, इंजेक्टर किंचित जास्त वेळ उघडा ठेवतो, नसेल तर कमी. हा वेळ काही मिलिसेकंदांचाच असतो. एवढी काटेकोरता हवी ती कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं ही तिन्ही विषं तो एकदम मारू शकतो, पण मिश्रण १४.७ च्या अगदी आसपास राहिलं तरच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या आदेशामुळे दिल्ली परिसरात धुराचा युरो-२ नियम आला आणि मारुती ८०० वर एमपीएफआयची (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) पाटी झळकली. १ एप्रिल २०२० पासून आणखी कडक बीएस-६ नियम लागू झाले, तेव्हा जवळजवळ सगळ्या दुचाकींचा कार्बोरेटरही गेला.

पूर्वी मेकॅनिक कान लावून, स्क्रू पाव फेरा फिरवून आयडलिंग बसवायचा. आज ते ज्ञान ईसीयूतल्या तक्त्यांत आहे: इतका आरपीएम, इतका लोड, तर इतकं पेट्रोल आणि इतक्या अंशांवर ठिणगी. रीमॅप करणारा हेच आकडे बदलतो. टर्बो गाडीत बूस्ट वाढवून पिकअप खरोखर वाढतो, पण साध्या पेट्रोल इंजिनात फारसं हाती लागत नाही. ठिणगी फार आधी पाडली तर मिश्रण स्फोटासारखं पेटून, म्हणजे नॉकिंग होऊन, पिस्टनच जाऊ शकतो. पिकअपसाठी कन्व्हर्टर कापून टाकणं तर मला सरळ अन्याय वाटतो. अशा गाडीचा धूर मागच्या स्कूटरवाल्याच्या छातीत जातो.

आता पेट्रोलमध्ये आपल्याकडच्या उसाचं इथेनॉल आलंय. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून ई-२० ला प्रमाण १३.५ च्या आसपास लागतं. सेन्सरवाली गाडी हा फरक ओळखून इंजेक्टरचा वेळ बऱ्याच अंशी आपोआप वाढवते. जुन्या कार्बोरेटरला तो कळायला काही मार्गच नाही.

चेक इंजिनचा दिवा लागला की गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात, ‘मिश्रण लीन’ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असा कोड येतो आणि बऱ्याचदा लगेच सेन्सर बदलायची भाषा सुरू होते. पण चिरलेल्या रबरी होजमधून चोरवाटेने शिरणारी हवाही तोच कोड देते. पंपाचा दाब उतरला, इंजेक्टर चोंदला, तरी तोच. तेव्हा नवा सेन्सर घेण्याआधी मेकॅनिककडून फ्युएल ट्रिमचे, म्हणजे ईसीयू तक्त्यापेक्षा किती टक्के जास्त-कमी पेट्रोल देतोय त्याचे, आकडे आयडलिंगला आणि रेस देऊन, असे दोन्ही वेळा पाहून घ्या. आयडलिंगला ट्रिम खूप वर आणि रेस दिल्यावर खाली येत असेल, तर आधी होज तपासायला सांगा.